कारंज्याचं चाक

नंदुरबारला माझ्या चष्म्याच्या दुकानासमोर चौकात एक कारंजं आहे. पोलादी मडक्यांची उतरंड आहे. एक मडकं भरलं की कलंडतं आणि खालच्यात पाणी ओततं. ते सांभाळणाऱ्या नगरपालिकेच्या कामगाराचं नाव मी कधी विचारलं नाही. आम्ही एकमेकांना ‘भाऊ’च म्हणायचो. तो चप्पल काढूनच हौदात उतरायचा, पानं वेचायचा, मग मडक्यांजवळ कान नेऊन म्हणायचा, “चाली ऱ्हायनं बराबर.” पाणी मात्र बेतानेच सोडायचा, कारण जवळच्या कोरीट गावच्या बाया कठड्याला टेकून भाजी विकतात.

एकदा मोठे पाहुणे यायचे होते. नगरपालिकेच्या साहेबांनी चौकात येऊन त्याला पाणी पूर्ण जोरात सोडायला सांगितलं.

“साहेब, बाया बठेल शेतस. भाजी वल्ली व्हयनी ते कोन ली?”

“उठव त्यांना.”

साहेब फोनवर बोलायला वळले. त्याने पान्याने पाणी कमीजास्त करायचं व्हॉल्व्हचं चाक सोडवलं, पिशवीत टाकलं आणि सायकलवर बसून निघून गेला.

साहेबांनी मला विचारलं, “चाक त्यानेच नेलं ना?”

“मी पाहिलं नाही,” मी म्हणालो.

पाहुणे आले आणि बेताच्या पाण्यापुढे फोटो काढून गेले. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच चाक साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्याची बदली गावाबाहेरच्या टाकीवर झाली. जाताना तो माझ्या दुकानाशी थांबला. मला वाटलं, आभार मानेल.

“भाऊ, खोटं कसाले बोलनात तुमी? मी काय चोरी करेल व्हती का?”