भाचीला नाही म्हणता येत नाही

आकेनेता सुवा शहरातल्या इस्पितळात अकरा वर्षं फिजिओथेरपिस्ट होती. साखरेच्या आजाराने पाय कापावे लागलेली कितीतरी माणसं तिने पुन्हा उभी केली होती. त्यामुळे चौतिसाव्या वर्षी तिने पुनर्वसनाच्या शास्त्रात मास्टर्सला नाव घातलं, तेव्हा विषय शोधावा लागला नाही. नकली पाय घेऊन गावी गेलेली माणसं सहा महिन्यांनी किती चालतात, एवढंच तिला मोजायचं होतं. चोवीस माणसं हवी होती. तेवीस झाली आणि गाडं अडलं. मग तिला सेरु मामा आठवला.

सेरुपेपेली हा तिच्या आईचा चुलतभाऊ, कंदावू बेटावर होड्या बांधणारा. डावा पाय गुडघ्याखाली गेलेला, त्या जागी इस्पितळाने दिलेला नकली पाय. तिने येण्याचा निरोप धाडला आणि आठवड्याने मोजमापाची दोरी घेऊन बोटीने गेली.

आईच्या गावात भाचीचा मान मोठा. तिने एखाद्या डुकराकडे नुसतं बोट दाखवलं तरी संध्याकाळी ते भट्टीत गेलंच म्हणून समजा. तिथे तिला कुणी नाही म्हणत नाही. हे तिला लहानपणापासून पाठ होतं. तरीही तिने मामापुढे संमतीचा कागद ठेवला आणि शिकवल्याप्रमाणे वाचून दाखवला.

"नको वाटलं तर नाही म्हणायचं, मामा. मध्येच थांबलात तरी चालेल. कुणी रागावणार नाही."

"तुला नाही म्हणू?" मामा गडगडाटी हसला. "तुझा आजा थडग्यातून उठून मला बडवेल की!"

ओटीवरचे सगळे हसले. आकेनेताही हसली. मामाने सही ठोकली.

चर्चच्या आवारात दोरी अंथरली. सहा मिनिटं, जमेल तेवढं चालायचं. अख्खा गाव बघायला जमला. तिसऱ्या मिनिटाला मामाने खालचा ओठ दातांत धरला.

"दुखतंय का?"

"माझ्याकडे काय बघतेस? घड्याळाकडे बघ!"

पाचव्या मिनिटाला खुंटावरच्या मोज्याच्या कडेला तिला गडद डाग दिसला. दिसला, हे नक्की. घाम असेल, असं तिने स्वतःला बजावलं. धक्क्यावर परतीच्या बोटीचं इंजिन सुरू झालं होतं आणि वहीत चोविसावी ओळ भरायची होती. दोनशे अठरा मीटर! साठी ओलांडलेल्यांत पहिला नंबर. तिने मामाचा फोटो काढला. कॉलेजच्या परिषदेत भिंतीवर लावलेल्या तिच्या अभ्यासाच्या तक्त्याच्या अगदी मधोमध तोच झळकला आणि लोकांनी तिची पाठ थोपटली.

चार महिन्यांनी ती वॉर्डात शिरली, तर कोपऱ्यातल्या खाटेवर मामा. चादर गुडघ्याच्याही वर सपाट झालेली.

नानिसे मामीने तिला व्हरांड्यात नेलं. मामी चिडली असती तर बरं झालं असतं.

"तो पाय खिळ्यालाच टांगलेला असायचा गं. टोचायचा त्यांना. तुझा निरोप आला तसा काढला. भाची एवढ्या लांबून येतेय, रिकामी कशी पाठवू, म्हणाले. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ चालायचे. कातडी फाटली. तुला सांगायचं नाही, अशी तंबी होती मला. जखम काही भरलीच नाही."

आकेनेता वॉर्डात परतली. आत गेल्यावर मामाने हाक मारली.

"पोरी, किती झाले होते गं आपले?"

"दोनशे अठरा."

"मग? नंबर आपलाच ना?"

त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिने मान हलवली, आणि औषधांच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. पाय गेल्यावर माणसं काय काय लपवतात, हे दुसऱ्यांना शिकवणारी बाई ती! रक्त ओळखता येत नव्हतं असंही तिला म्हणता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने मार्गदर्शक कमलावती मॅडमना सगळं सांगितलं.

"डाग दिसला होता?" मॅडमनी विचारलं.

"दिसला होता."

"मग थांबवलं का नाहीस?"

"चोवीस पूर्ण होणार होते."

"हेच संशोधनाच्या नैतिकता समितीपुढे सांगावं लागेल, याच शब्दांत," एवढंच त्या म्हणाल्या.

तिने सांगितलं. अभ्यास सहा महिने थांबला, तक्ता मागे घेतला गेला. मग कुणाच्याही नात्यात नसलेली एक नर्स उरलेल्या तेवीसजणांकडे गेली आणि गप्पांच्या ओघात विचारून आली. अकरा जणांनी कबूल केलं की पाय घालतच नाही, आकेनेता मॅडम येणार म्हणून घातला होता. आकेनेताने प्रबंध नव्याने लिहिला. आपल्याला रक्त दिसलं होतं आणि आपण थांबवलं नाही, हेही लिहिलं. एका परीक्षकाने ते वाक्य अनावश्यक म्हणून काढायला सांगितलं. तिने काढलं नाही.

त्याआधीच, मामा घरी गेल्यावर, ती थोरल्या काकांना घेऊन कंदावूला माफी मागायला गेली होती. रीतीप्रमाणे काकांनी देवमाशाचा दात पुढे धरला आणि तिच्या वतीने बोलले. ती मान खाली घालून चटईवर बसली. सेरु मामाने दात हातात घेतला, माफ केल्याचं सांगितलं, आणि जमलेल्यांनी पोकळ हातांनी टाळ्या वाजवल्या. यंगोना या मुळाच्या पेयाची वाटी फिरली. झालं गेलं गाडलं. यापुढे या गावात तो विषय कुणी काढायचा नाही.

लोक शब्दाला पक्के निघाले. दर नाताळाला ती जाते. मामा बाकावर बसून होडीच्या फळ्या तासत असतो, मामी तिच्या पानात माशाचं डोकं वाढते, मुलं अंगाखांद्यावर खेळतात. तिला कितीदा वाटतं, मामाचे हात धरावे आणि एकदाच, काकांच्या नव्हे, आपल्या तोंडाने बोलावं. पण गाडलेलं उकरणं म्हणजे मामाच्या माफीचा अपमान. ती पानातलं सगळं संपवते. मामी आणखी वाढते, आणि आकेनेता तिच्याकडे वर बघत नाही.