डाव्या हातानं

निपाणीच्या स्टँडवर बेंगळूरची गाडी लागली आणि माझ्या बापानं एका माणसाच्या थोबाडीत मारली. मी घर सोडलं ते असं.

तो माणूस तंबाखूच्या वखारीतला जुना मुकादम. बाबांच्या खांद्यावर माझी बॅग बघून तो पानटपरीवरून म्हणाला, "क्रांतीला कुठं धाडतोस, लुळ्या? बेंगळूरला मोर्चा हाय काय?" बाबांनी बॅग सावकाश खाली ठेवली आणि डाव्या हातानं मारली. मुकादमाचा चष्मा उडाला. तो बाबांच्या गळ्याला आला, दोघं गाडीच्या चाकापाशी लोळले, लोकांनी ओढून सोडवलं. आई ओरडली नाही. तिनं बॅग कंडक्टरकडे दिली, मला दारातून आत ढकललं आणि म्हणाली, "जा तू. ह्यांचं चालूच राहणार." गाडी वळली तेव्हा बाबा ओठावरचं रक्त खांद्याला पुसत डावा हात हलवत होते.

उजव्या हाताला त्यांचा अंगठा आणि करंगळी एवढंच उरलंय. मधली बोटं वखारीतल्या कटरनं नेली, तेव्हा मी पाळण्यात होते. हात बरा झाल्यावर ते मालकाकडे गेले. मालक म्हणाला, पाच वर्षं भरली नाहीत, तुला कसली ग्रॅच्युइटी. बाबांनी टेबलावरून उडी मारून त्याचं नाक फोडलं. मग पोलीस कोठडी, तिथला मार, आणि सुटल्यावर युनियनच्या ऑफिसात पत्रकं काढायचं काम. ते आजतागायत.

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. फळीवर अंथरलेली, वह्यांना कव्हर घातलेली, आईच्या डब्यातल्या भाकरीला गुंडाळलेली. 'बंधू-भगिनींनो, किती दिवस सोसणार?' या ओळीवर मी अक्षरं शिकले. बाबांचा एक नियम होता. हातानं मारायचं तर मार, पण कागदावर शिवी लिहायची नाही. आमच्या गल्लीत सगळ्यांत जास्त मारामाऱ्या केलेला माणूस सगळ्यांत सभ्य मराठी लिहायचा.

आणि तो माणूस पंगतीत बसायचा नाही. डाव्या हातानं जेवतो म्हणून. एका लग्नात शेजारच्या पाहुण्यानं पान उचललं आणि दुसरीकडे जाऊन बसला. बाबांनी भाताचं पातेलं लाथेनं उलटं केलं. त्या दिवसापासून आम्हाला लग्नाच्या पत्रिका आल्या, पण पंगतीला या असं कुणी म्हटलं नाही. आई रिकामा डबा घेऊन जायची, आहेर द्यायची आणि डबा भरून परत यायची.

निपाणीत राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे निघून गेलेल्यांनो, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. तरी लिहिते, कारण पुढचं माहीत नाही.

बेंगळूरला मला खोली मिळाली यशवंतपूरला, घाऊक बाजाराच्या मागे. निपाणीत नाकात तंबाखूचा खकाणा जायचा, इथं कांद्याचा दर्प. घरमालकीण गिरिजाक्का. तिचं घराणं तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं, मराठी घरात बोलतात, पण ती मराठी ऐकून पहिल्या दिवशी मी बावचळले. "क्रांती म्हणजे नाव काय गं हे? देवाचं एक पण शिल्लक नव्हतं काय तुझ्या अप्पाला?" असं म्हणून तिनं पुढ्यात ताट ठेवलं. "ऊटा कर आधी. भांडण स्वल्प मागून." ती कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला होती. नवरा गेलेला, लेक कॉलेजात. कारखान्यात तिला पाच वर्षं पुरी व्हायला थोडेच महिने उरले होते.

मी विद्यापीठात शिकत होते ते 'एम्प्लॉयी बेनिफिट्स अँड रिटायरमेंट प्लॅनिंग'. भविष्यनिर्वाह निधी, पेन्शन, विमा, ग्रॅच्युइटी. माणूस थकल्यावर त्याच्या हातात काय ठेवायचं याचं शास्त्र. वर्गातल्या बाकीच्यांना इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कंपन्यांत जायचं होतं. सरांच्या पहिल्याच स्लाइडवर पिकल्या केसांचं एक जोडपं डोंगरावर बसून कॉफी पीत होतं. माझ्या डोळ्यांसमोर विड्या वळणारी आई आली. आमच्याकडे बाई निवृत्त होत नाही. बोटं वळायची थांबतात, मग विड्या थांबतात.

एके दिवशी सर म्हणाले, "पाच वर्षं सलग नोकरी नसेल तर ग्रॅच्युइटी नाही. अपवाद मृत्यू किंवा अपंगत्व. त्यात पाच वर्षांची अट नाही. लिहून घ्या, हे परीक्षेला येतं." सगळ्यांनी लिहून घेतलं. मी उठले, बाहेर गेले आणि जिन्यावरच्या काचेवर मूठ मारली. काच फुटली नाही, मूठ सुजली.

त्याच सुजलेल्या हातानं बाबांना फोन लावला. त्यांनी तो अपवाद मला दोनदा म्हणायला लावला. मग म्हणाले, "कधीपासनं हाय ह्यो कायदा?"

"तुम्ही शाळेत जायच्याही आधीपासनं."

"मग मालकाला ठावं असणार."

"असणारच."

"पत्रक काढायला पाहिजे हुतं," बाबा म्हणाले. आयुष्यभर पत्रकं काढलेला माणूस. त्यानं फोन ठेवला आणि नंतर आईनं सांगितलं की त्यांनी मोरीतली बादली भिंतीवर आपटून फोडली.

पुढच्या तासाला सरांनी दुसरी बाजू शिकवली. कामगारानं मारामारी केली म्हणून त्याला कामावरून काढलं, तर ग्रॅच्युइटी जप्त करता येते. मी हात वर केला. "सर, आणि कामगाराला मारलं तर? मारणाऱ्याचं काय जप्त होतं?" वर्ग हसला. सर चांगले होते, ते हसले नाहीत. म्हणाले, "ते सिलॅबसच्या बाहेर आहे."

सिलॅबसच्या बाहेरचं शिकायला मला फार लांब जावं लागलं नाही. शेवटच्या सत्रात कुठल्यातरी एच.आर. विभागात इंटर्नशिप करायची होती, तिच्या सर्टिफिकेटशिवाय पदवी नाही. अक्कानंच तिच्या कारखान्यात विचारलं आणि मला घेतलं. पहिल्या आठवड्यातच एच.आर.च्या मॅडमनी काम सांगितलं. पाच वर्षांच्या जवळ आलेल्या बायकांशी गोड बोलायचं. म्हणायचं, आता राजीनामा दिलात तर फंडाचे पैसे मिळतील, लेकीच्या लग्नाला होतील, मग ताज्या दमानं परत या. परत आलं की बाई नवीन. पाच वर्षं पुन्हा पहिल्यापासून. कारखान्यात याला 'ब्रेक' म्हणत. आमच्या वर्गात 'ॲट्रिशन', म्हणजे गळती, म्हणत. मी याला दरोडा म्हणते. बाबांच्या नियमात बसतो का हा शब्द, माहीत नाही. शिवी नाही, वर्णन आहे.

बायका हसतहसत ब्रेक घेत. फंड हातात आला की साखर वाटत. अक्काही घेणार होती. रविवारी मी तिच्या अंगणात काही जणींना बसवून सगळं सांगितलं. अक्का ते कन्नडमध्ये करून सांगत होती. सांगता सांगता मध्येच थांबली आणि म्हणाली, "थू! आणि मी मागच्या बारीला ब्रेक घेऊन बर्फी वाटली."

मग आम्ही पत्रक काढलं. मी मराठीत सांगितलं, अक्कानं कन्नड केलं, तिच्या लेकीनं लिहून काढलं. छोटी वाक्यं, शिवी नाही. 'बहिणींनो, राजीनामा देऊ नका. थोडं थांबा, तुमचंच तुम्हाला मिळेल.' एवढंच. कुणी ब्लाउजमध्ये, कुणी डब्यात घालून ते आत नेलं.

दोन दिवसांनी लाइन सुपरवायझरला अक्काच्या मशीनवर एक पत्रक दिसलं. मी तेव्हा मशीनांच्या दोन रांगांमधल्या वाटेतच होते, पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. तो म्हणाला, कागद दे. अक्कानं कागदावर उजवा हात ठेवला. "तो माझा आहे." तो म्हणाला, हात काढ. तिनं काढला नाही. त्यानं शेजारच्या टेबलावरची कापड कापायची कात्री उचलली, ती जड, लोखंडी, आणि कात्रीच्या मुठीनं अक्काच्या बोटांवर मारलं. मग परत. मशीनच्या आवाजातही मला हाड मोडल्याचं ऐकू आलं. अक्कानं डाव्या हातानं लाकडी पट्टी घेतली आणि त्याच्या कानशिलावर अशी हाणली की पट्टीचे दोन तुकडे झाले.

मशीनं बंद पडली. कारखान्यात शांतता कशी असते ते मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मग सगळी लाइन उठली. स्टुलं उडाली, काचेची केबिन फुटली, सुपरवायझर टेबलाखाली शिरला तिथून त्याला पायांनी ओढलं. आम्ही फाटकापर्यंत आलो तेव्हा पोलीस आले होते. लाठी माझ्या खांद्यावर बसली आणि दुसरी ओठावर. रक्त खांद्याला पुसताना मला स्टँडवरचे बाबा आठवले. खोटं कशाला लिहू, मला त्या क्षणी भीती वाटली नाही. घरी आल्यासारखं वाटलं. त्याची भीती नंतर वाटली.

अक्काच्या बोटांत सळ्या घातल्या. तिला शिलाई पुन्हा जमणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी तिला अपवाद सांगितला. अपंगत्व आलं तर पाच वर्षांची अट नाही. ती पलंगावर पडल्या पडल्या हसली. "म्हणजे बोटं मोडून घेतली की कायदा सरी, बरोबर होतो म्हण. आधी सांगायचं, मीच मोडून घेतली असती."

पण कारखान्यानं तिला अपंग म्हणून सोडलं नाही, मारामारी केली म्हणून काढलं. म्हणजे ग्रॅच्युइटी जप्त. मॅडमनी मला बोलावलं. चहा मागवला. म्हणाल्या, "तू समोर होतीस. बाई अंगावर धावून आली, एवढं लिहून दे. सर्टिफिकेट आजच देते. आणि जागा पण आहे इथे."

"आधी कुणी मारलं तेही लिहू?"

"त्याची गरज नाही."

मी चहा प्यायले नाही. सर्टिफिकेट मिळालं नाही आणि माझी पदवी अडकली.

घरी येऊन अक्काला म्हटलं, पट्टीचं मी सांगणारच नाही. ती भडकली. "का? मारलं की मी. चांगलं बसलं होतं. ते पण सांग. अर्धं खरं त्यांचं असतं, आपलं नको." मला बाबा आठवले. त्यांनीही कोठडीत छाती पुढे काढून सांगितलं होतं, होय, मीच मारलं. का मारलं, हा पुढचा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

कामगार खात्याच्या अधिकाऱ्यासमोर सुनावणी झाली. मी जे पाहिलं ते सगळं सांगितलं, पट्टीसकट. कंपनीचा वकील म्हणाला, ही मुलगी त्याच घरात राहते, तिनंच पत्रक काढलं, तिचं काय ऐकायचं. मग तो अक्काकडे वळला. कन्नडमध्ये विचारलं, "मारलं की नाही? हो की नाही, एवढंच सांगा."

"होय सार. डाव्यानं."

"डावखुऱ्या आहात?"

"नाही सार. शिलाई उजव्यानंच करत होते की. उजवा त्यानं आधी मोडला होता."

अधिकाऱ्यानं लिहिणं थांबवून वर पाहिलं. वकिलानं आपला प्रश्न परत घेता येईल का, अशा नजरेनं टेबलाकडे पाहिलं. सुपरवायझरची जखम उजव्या कानशिलावर, म्हणजे मार डाव्या हाताचाच, हे कंपनीच्याच डॉक्टरनं लिहून दिलं होतं. अक्कानं सळ्या घातलेला हात कुणी न सांगता टेबलावर ठेवला, त्या दिवशी कागदावर ठेवला होता तसाच.

निकाल अक्काच्या बाजूनं लागला. अपंगत्वाच्या अपवादानं तिला तिची ग्रॅच्युइटी मिळाली. सुपरवायझरला दुसऱ्या युनिटमध्ये पाठवलं, तिथेही कात्र्या असतील. बायका अजून ब्रेक घेतात, पण आता साखर वाटत नाहीत. माझी पदवी उशिरा हातात आली, दुसरीकडे इंटर्नशिप करून. आज मी बेंगळूरच्याच शिवाजीनगरला, खाली वर्कशॉप आणि वर कामगारांचे दावे चालवणाऱ्या एका वकिलांचं ऑफिस, तिथे बसते. निकाल न्याय्य होता का, असं मला विचारतात. कोणी आधी मारलं एवढं कायद्यानं पाहिलं. बोटं त्यानं परत दिली नाहीत.

मागच्या महिन्यात बाबा पहिल्यांदा बेंगळूरला आले. यशवंतपूरच्या गर्दीत हमालाशी भांडले, रिक्षावाल्याशी भांडले, आणि अक्काच्या दारात येऊन उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. परक्या घरी जेवायला बसायची त्यांना सवय राहिलेली नाही. पाटावर बसले, उजवा हात टॉवेलखाली झाकला. अक्का भाताचं भांडं घेऊन आली. तिचा उजवा हात आता फक्त भांड्याला टेकू देतो. ती थबकली.

"अण्णा, डाव्यानं वाढते. स्वल्प सांभाळून घ्या."

बाबांनी ताटाकडे पाहिलं, तिच्या हाताकडे पाहिलं. मग टॉवेल बाजूला केला.

"वाढा अक्का," ते म्हणाले, "मी पण त्याच हातानं खातो."

मला घर कुठलं, असं आता कुणी विचारलं तर मी निपाणी म्हणत नाही आणि बेंगळूरही म्हणत नाही. मी त्या स्वयंपाकघराचा पत्ता सांगते. बाबा त्या दिवशी भात दोनदा मागून जेवले.