सरांचं उलटं चालणं

परवा आमचे बँडचे नाना सर गेले. आज देवाची भांडी चिंचेने घासताना त्या आंबट वासाने मला थेट शिरपूरच्या शाळेच्या मैदानावर नेलं.

आम्हा मुलींकडून सर पितळी बिगुल चिंचेनेच चमकवून घ्यायचे. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात ते नेहमीसारखे आमच्याकडे तोंड करून उलटे चालत होते. मंच जवळ आला तसे हेडसर कुजबुजले, "अहो, पाहुण्यांकडे पाठ होतेय!"

सर वळले नाहीत. आपल्या अहिराणीत म्हणाले, पाहुणे तिथेच बसलेत, माझ्या पोरी चालताहेत: "पाहुणा तठेच बसेल शे, भाऊ. मन्या पोरी चाली राहिन्यात."

सरांना बोलणी बसतील म्हणून मोठा ढोल वाजवताना मी घाबरले होते. आज त्या पाहुण्यांचं नाव कुणालाच आठवत नाही. सर मात्र अजून माझ्यासमोर उलटे चालताहेत, आमच्याकडे बघत, छाती फुगवून.