खाडीत उतरलेली गाडी
परवा पळस्प्याला एका गॅरेजात फायबरच्या रेझिनचा उग्र वास आला आणि ताईची सहा चाकी गाडी आठवली. जमिनीवर आणि पाण्यातही चालणारी ती भंगारातली गाडी ताईने खांदा कॉलनीत, बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये चार वर्षं खपून, तिचा फुटलेला फायबरचा तळ रेझिनने सांधून दुरुस्त केली होती. ती पहिल्यांदा खाडीत उतरवताना मी शेजारी बसलो होतो. पोहता आम्हा दोघांनाही येत नव्हतं. काठावरच्या कोळणीने विचारलं, "बाय, बुडनार नाय ना ही?" "आता कळेलच," ताई म्हणाली. गाडी चिखलातून घसरत पाण्यात शिरली, चाकांखालची जमीन सुटली आणि आम्ही तरंगू लागलो. फिरणारी चाकंच पाणी मागे सारत होती. ताईने तळाच्या जोडावरून हात फिरवला आणि तळवा माझ्यापुढे धरला. कोरडा होता. त्या तळव्याइतकं नवल मला अजून कशाचं वाटलेलं नाही.