पलटणमामांना पाठ असलेली डोकी

पलटणमामांना माणसाचा चेहरा लक्षात राहत नसे, डोकं राहायचं. जुन्नरच्या बाजारपेठेत समोरून नमस्कार घातला, तर "कोण राव तुमी?" म्हणून विचारायचे. वळून चालू लागलो की मागून हाक यायची, "अहो आळ्याचे मास्तर! उजव्या कानामागं खोक हाय तुमच्या!" भर रस्त्यात हे ऐकून घेणं मला मुळीच आवडत नसे.

मामा वीस वर्षं फौजेत होते, पण बंदूकवाले नव्हे, पलटणीचे न्हावी. "अख्खी पलटण माझ्यापुढं मान खाली घालायची, सायबसुद्धा," हे ते प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकवायचे. निवृत्त होऊन त्यांनी दुकान टाकलं आणि भरतीची तयारी करणारी तालुक्यातली सगळी पोरं त्यांची झाली. भरतीच्या आदल्या दिवशी कटिंग फुकट. केस उतरवून झाले की मामा पोराच्या टाळूवरून कितीतरी वेळ बोटं फिरवायचे. मला वाटायचं, म्हातारा आशीर्वाद देतोय. मढला दिलेल्या माझ्या बहिणीचा मुलगा सागर याच खुर्चीतून उठून फौजेत गेला.

मग ते दिवस आले. सीमेवर दोन्हीकडून मारा सुरू झाला आणि दुकानातला टीव्ही सकाळपासून ओरडू लागला. सागर सरहद्दीवरच होता. तीन दिवस त्याचा फोन बंद, बहिणीच्या घशाखाली घास उतरत नव्हता. तरी टीव्हीचा ताप मलाही चढलाच. तोंडाला फेस लावून बसलेलो असताना मी मुठी आवळून म्हणालो, "एकदाचा निकाल लावून टाका त्यांचा!"

मामांनी वस्तरा खाली ठेवला, टीव्ही बंद केला.

"मास्तर, तुमच्या भाच्याच्या डोक्यात भोवरे किती?"

मला सांगता येईना. कडेवर खेळवलेलं पोर ते.

"दोन. डावीकडचा उलटा फिरतोय." मग इतक्या वर्षांत कुणाला न सांगितलेलं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. "मागच्या लढाईत डोंगरावरनं पोरं खाली आणली. तोंडं वळखू येत नव्हती. सायबानं मला बोलावलं. म्हणला, तूच सांग कोण कोण हाय. सात पोरं मी टाळूवरनं वळखली. तवापासून भरतीच्या पोराची टाळू पाठ करून ठिवतो. आन देवाला सांगतो, हे पाठांतर वाया जाऊ दे."

अर्धी दाढी तशीच ठेवून मी घरी आलो. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उरलेली दाढी करायला गेलो, तर टीव्हीवर बातमी आली की दोन्ही देशांनी थांबायचं ठरवलंय. दुकानात दोघं-तिघं हळहळले. "आत्ता कुठं रंग चढला व्हता, राव," एक जण म्हणाला. तेवढ्यात बहिणीचा फोन आला. सागर बोलला होता. त्यानं पहिलं हेच विचारलं म्हणे, "आई, तू जेवलीस का?" मी हे सगळ्यांना मोठ्यानं सांगायला गेलो आणि मधेच मला रडू फुटलं. रंग चढलेल्या माणसानंच मला पाण्याचा तांब्या आणून दिला.

मामा आता नाहीत. गेल्या थंडीत घोडेगावला लेकीकडे झोपेतच गेले. मला ते आठवतात ते त्या संध्याकाळचे. माझं रडणं ओसरल्यावर मामांनी फडका झटकला आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत स्वतःच जाऊन बसले. चेहरा लग्नघरातल्या माणसासारखा फुलला होता. "आज हात चालत न्हाईत. मास्तर, तुमी करा माझी दाढी."

जन्मात दुसऱ्याच्या गालाला मी वस्तरा लावला नव्हता. दोन ठिकाणी कापलंच. सगळं दुकान हसायला लागलं. मामांनी आरशात पाहिलं, गालावर तुरटी फिरवली आणि म्हणाले, "एवढं रगत बास झालं. टीव्ही बंद करा, आन चहा सांगा सगळ्यांना."