फ्लेक्सने ठरवलेलं माझं एमबीए

मी कुठल्या कॉलेजात एमबीए करणार आहे, हे मला घोरावाडी स्टेशनबाहेरच्या एका रिक्षावाल्याकडून कळलं.

"अभिनंदन ताई. पुण्यालाच जाणार म्हणजे घरून येऊन-जाऊन होईल," तो म्हणाला आणि त्याने मान वर करून दाखवलं. वर, विजेच्या दोन खांबांच्या मध्ये, चांगला दहा फुटी फ्लेक्स ताणून बांधला होता. त्यावर मी होते. म्हणजे डाव्या कोपऱ्यात, बारावीच्या हॉलतिकिटावरच्या फोटोत, दोन वेण्यांसकट मी होते. मधली सगळी जागा काळा गॉगल लावलेल्या आमच्या मिलिंदमामांनी व्यापली होती. 'आमची लाडकी भाची कु. प्रज्ञा हिची पुणे येथील नामांकित कॉलेजात एमबीएसाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली अकरा शुभेच्छुकांचे फोटो होते. त्यातल्या आठ जणांना मी जन्मात पाहिलं नव्हतं.

माझं डोकंच फिरलं. निवड पुण्यात झाली होती तशी बंगळुरूलाही झाली होती. कुठे जायचं हे अजून ठरायचं होतं, आणि ते ठरवणार होते मी! त्यासाठी तीन आठवडे खपून मी लॅपटॉपवर एक तक्ता बनवला होता. एकोणीस निकष, प्रत्येकाला गुण. बंगळुरू पुढे गेलं की मला घर सोडायची भीती वाटायची आणि मी 'घरचं जेवण'चे गुण वाढवायचे. पुणं पुढे गेलं की उगाच रडू यायचं, मग मी 'हवामान'चे गुण वाढवायचे. (यालाच शास्त्रशुद्ध निर्णय म्हणतात, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.)

मी तिथूनच मामांना फोन लावला. मामांचं पवनानगरला, धरणाच्या काठावर, तंबूंचं कॅम्पिंग आहे. शिवाय येत्या ग्रामपंचायतीला उभं राहायचा त्यांचा विचार आहे, त्यामुळे अभिनंदनाला ते माणसं शोधतच असतात.

"मामा, मी पुण्याला जाणार हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तूच की. आयतवारी मी इचारलं, कंचं कालेज? तू म्हनलीस, पुण्याचं बघतेय."

"बघतेय म्हणाले होते, मामा. मला तुमचा फोन ठेवायचा होता म्हणून."

"मंग तू ठिवला आन् मी छापून टाकलं. तीन आठवडं झालं, पोरी. एवढ्यात आमच्या हितं लग्न ठरून हळदबी लागती."

"आणि माझ्या पाठीमागे तंबू का आहे?"

"कॅम्पिंगच्या फ्लेक्सवरच तुझा फोटू बसवला. नवी डिझाईन करायला टाइम न्हवता."

तंबूपर्यंत मी सोसलंही असतं. पण फ्लेक्सच्या तळाशी एक ओळ पुसायची राहिली होती: 'राहण्याची व जेवणाची उत्तम सोय'. मी फोनवर भांडत असताना भुशी धरणावरून भिजून परतलेली दोन पोरं फ्लेक्सकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत जवळ आली आणि चौघांना एक तंबू मिळेल का, असं मलाच विचारून गेली.

घरी पोचले तर तिथे आनंदीआनंद. बाबा तळेगावच्या कंपनीतून पहिली पाळी करून आले होते आणि येताना पेढे घेऊन आले होते. आई तर डब्यात काय काय द्यायचं इथपर्यंत पोचली होती.

"बाबा, माझं अजून काही ठरलेलं नाही," मी म्हणाले.

"आता ठरवायचं काय राहिलं? लोकांनी वाचलंय."

"फ्लेक्स म्हणजे काय सरकारी आदेश आहे का?"

"आदेश कोण वाचतंय? फ्लेक्स सगळे वाचतात," बाबा म्हणाले आणि त्यांनी माझ्या तोंडात पेढा कोंबला.

पेढा तोंडात असल्यामुळे मला पहिल्यांदाच शांतपणे विचार करता आला. हाच फ्लेक्स बंगळुरूचा असता तर मी एवढी चिडले असते का? मुळीच नसते. तंबूसकट, वेण्यांसकट त्याच्याखाली उभी राहून मी फोटो काढून घेतला असता. एकोणीस निकषांना तीन आठवड्यांत जे जमलं नाही ते मामांच्या फ्लेक्सने एका दुपारी करून दाखवलं होतं. मला बंगळुरूला जायचं होतं. त्यासाठी सोमवारी दुपारपर्यंत एक फॉर्म पाठवायचा होता आणि त्यावर बाबांची सही हवी होती. फॉर्म माझ्या पर्समध्ये होता, बाबा समोर बसले होते आणि मी तो बाहेर काढायचं सोडून दुसरा पेढा उचलला. एवढी मोठी घोडी झाले तरी! मला मामांपेक्षा स्वतःचाच जास्त राग आला.

तोवर फ्लेक्सची बातमी आमच्या बुद्धविहाराच्या कमिटीपर्यंत गेली आणि रविवारी वंदनेनंतर माझा सत्कार ठरला. शाल, गुलाबाचं फूल आणि एक जाडजूड शब्दकोश देऊन झाल्यावर कमिटीचे अध्यक्ष असलेल्या आबांनी माझ्या हातात माइक दिला. पुढच्या रांगेत मामा गॉगल लावून बसले होते, विहाराच्या आतसुद्धा.

मी डोळे मिटले आणि म्हणाले, "मी पुण्याला जाणार नाही. मी बंगळुरूला जाणार आहे."

मामांनी गॉगल काढला.

आबांनी अगदी सरळपणाने विचारलं, "आसं व्हय? मंग तितं पुण्यापरीस काय जास्ती शिकवत्यात?"

इथे माझा घात झाला. मी तक्ता काढला. म्हणजे तोंडपाठ होता तो सांगायला लागले. प्राध्यापक, ग्रंथालय, नोकरी देणाऱ्या कंपन्या, माजी विद्यार्थी, हवामान. अकराव्या निकषाला मागच्या बायका उठून चहा बघायला गेल्या. चौदाव्याला आबांचा डोळा लागला. मला थांबता येत नव्हतं, कारण थांबल्यावर बाबांकडे बघावं लागणार होतं.

शेवटी बाबाच उठून उभे राहिले. "ते सगळं असू दे. तुला कुठं जायचंय, तेवढं सांग."

"बंगळुरूला."

"मग घरी का नाही बोललीस? मी काय नाही म्हणालो असतो?"

"म्हणाला असता. आणि उद्या दुपारपर्यंत फॉर्मवर तुमची सही हवी आहे."

बाबांनी थोडा विचार केला. "म्हणालो असतो," ते कबूल झाले. "दोन दिवस म्हणालो असतो. मग दिली असती सही. आण तो कागद." आणि सत्कारात मिळालेल्या शब्दकोशावर फॉर्म ठेवून, सगळ्यांच्या समोर, त्यांनी सही केली. आई पदराने नाक पुसत होती. मलाही भरून आलं, आणि तीन आठवडे मी नुसती मूर्खासारखी आकडे मांडत बसले होते याची मनापासून लाज वाटली.

"मामा, आता तो फ्लेक्स तेवढा उतरवा," चहाच्या वेळी मी सांगितलं.

"उतरवायचा कशाला? वर्षभर टिकंल एवढा मजबूत हाय. दुरुस्त करून घेतो."

मंगळवारी स्टेशनबाहेर मी दुरुस्ती पाहिली. 'पुणे' जागच्या जागी होतं, त्याच्यापुढे पट्टी चिकटवून 'व बंगळुरू' केलं होतं. म्हणजे मी आता एकाच वेळी दोन शहरांत एमबीए करणार होते. (तंबूही होता तिथेच होता.) मी मामांना फोन करून कडाकडा भांडले.

"दोनीकडं निवड झाली का न्हाई तुझी?" मामांनी विचारलं.

"झाली."

"मंग त्यात खोटं काय हाय?"

दोन वर्षांनी मी एमबीए होऊन परत आले. निर्णयक्षमता आणि स्पष्ट संवाद या दोन्ही विषयांत मी वर्गात पहिली आले होते. विहारासमोर आबांनी मला थांबवलं, डोक्यावर हात ठेवला आणि कौतुकाने विचारलं, "एक डिग्री झाली म्हनं. आन् ती पुण्याची?"

या माणसाला आता खरं काय ते स्पष्ट सांगून टाकायचं, असा मी तिथल्या तिथे ठाम निर्णय घेतला आणि म्हणाले, "चालू आहे, आबा."