कोपर टेकायची जागा

माझं अक्षर वाईट आणि लिहिण्यात चुका फार. चौथीच शिकले आहे. कोणी वाचलंच तर माफ करावं.

नवरा गेल्यावर त्यांची जुनी अ‍ॅम्बेसेडर अंगणात मळकट होत गेली. दीर म्हणाले, "वहिनी, भंगारात देऊन टाकू." मी घाबरून ती राखेनं घासली, पितळेचा गुंड घासतात तशी. नुसते ओरखडे उठले.

तिरोड्याचा पेंटर हसला, "बाई, गाडीले राखेनं काऊन घासून राहिली?"

पॉलिशसाठी दिरांनीच दोन हजार दिले. "गाडी लग्नांना भाड्यानं देऊ. त्यातून हे फिटले नाहीत तर गाडी भंगारात," म्हणाले.

पॉलिश मऊ कापडानं, सावलीत, थोडं थोडं चोळायचं. मी ह्यांचं बनियन घेतलं. आठ दिवसांनी निळा रंग वर आला. गाडी इतकी निळी होती हे मी विसरलेच होते.

खिडकीच्या काठावर हे कोपर टेकवत, तिथं नुसता पत्रा उरलाय. पेंटर रंग लावायला निघाला तेव्हा मी मोठ्यानं म्हटलं, "तेवढं राहू द्या."

दवनीवाड्याच्या लग्नात नवरदेव तिच्यातून गेला. दिरांनीच चालवली, पण कोपर आतच ठेवलं. त्याच भाड्यातून मी त्यांचे दोन हजार पूर्ण परत केले.